लेकराचं तेल

सेक्टर ५, भिलाई
११ मार्च १९८७

प्रिय रत्नाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. कमलिनीला आशीर्वाद, आणि तुमच्याकडे आलेल्या त्या बिननावाच्या पाहुण्याच्या तळपायाला मावशीआजीचा एक पापा. आम्ही इकडे आहोत. पुढे 'मजेत' लिहायची हाताला सवय आहे, पण आज हात तिथे अडला.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस, रागवायला पुढे पुष्कळ आहे. तू विचारलंस की कमलिनीच्या बाळाला भेट आलेल्या बेबी ऑइलच्या बाटल्यांचं काय करायचं. विहीणबाईंनी 'बाळाला तिळाचंच तेल' असा हुकूम काढलाय आणि दुकानातली खोकी येतच आहेत. वर तू लिहितेस, 'तुझ्या घरी लेकरू नाही तरी ही बाटली कायम असते, तुम्ही तिचं करता तरी काय?' असं तूच विचारू शकतेस. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी तिच्याशी बोलणं टाकलं असतं.

तर ऐक. आमच्याकडे हा कारभार सासूबाईंचा. त्या त्याला 'लेकराचं तेल' म्हणतात. नव्या स्टीलच्या ताटल्यांवरचं लेबल नखाने खरवडत बसायचं नाही, कापसाने तेल लावून ठेवायचं, चहा होईस्तोवर गोंद सुटतो. आरशावर टिकल्या चिकटवून ठेवायची तुझी घाणेरडी सवय आहे ना, त्या डागांनाही हेच. कपाटाच्या बिजागऱ्या, पेटीचं कुलूप, बॅगेची अडलेली चेन, सगळ्यांना एक थेंब. मंगळसूत्राची पोत गुंतली तर बशीत दोन थेंब टाकून सुईने हळूहळू सोडवायची, ओढाताण करायची नाही. आंघोळ झाल्यावर अंग ओलं असतानाच चार थेंब चोळले तर कोपरं फुटत नाहीत, आणि टाचांना लावून वर मोजे घातले की आठवड्यात फरक दिसतो. होळी तोंडावर आलीय, पोरांना म्हणावं कानामागे आणि नखांच्या कडेला आधी हे लावा, मग रंग साबणाने निघतो. फक्त फरशीवर सांडू देऊ नकोस, आणि बाटली बाळाच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस. पोटात गेलं तर वाईट.

हेसुद्धा प्लांटवरून आले की हाताचं काळं ग्रीस आधी ह्या तेलाने पुसत, मग साबण. पावर हाउस भागातल्या बाजारातून दर खेपेला तेच दोन बाटल्या आणत. एक मला दिसायची. दुसरी केव्हा संपायची ते कळायचं नाही. मी सासूबाईंना चिडवायची की तुम्ही रात्रीतून पिता की काय! त्या म्हणायच्या, "माह्या दोन कोपरांले एवढं तेल लागते का वं?"

ताई, आणखी एक उपयोग आहे. तो सांगायचा टाळण्यासाठीच मी टाचा आणि बिजागऱ्या करत बसलेय. ह्या तेलाने अगदी घट्ट काचेच्या बांगड्याही न फोडता उतरवता येतात. माझ्या तशा उतरवल्या. घाबरू नकोस, पुढे वाच. हे जिवंत आहेत.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आदल्या संध्याकाळी हे नाइट शिफ्ट आहे म्हणून स्कूटर घेऊन गेले. मी विणलेला निळा स्वेटर अंगात होता. सकाळी परत यायची वेळ टळून गेली. मला वाटलं, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नसेल, डबल ड्यूटी लागली असेल. इथे ते नेहमीचंच आहे. मी कुकर लावला. तेवढ्यात शेजारचे शामसुंदरभाऊ आणि त्यांच्यामागे एक पोलीस शिपाई फाटकाशी दिसले. जी.ई. रोडवर उभ्या ट्रकवर मागून स्कूटर आदळली होती. नंबर आमच्या स्कूटरचा. शामसुंदरभाऊ दवाखान्यात जाऊन, बघून आले होते. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, पण "वहिनी, निळा स्वेटर..." एवढं म्हणून ते पायरीवरच बसले.

त्यानंतर मी काय केलं ते मला आठवत नाही. कुकर कोणीतरी बंद केला. ऊर बडवून घेतल्याचं शेजारणी सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी छाती दुखत होती म्हणून खरंच असेल. सासूबाई मात्र भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. एकुलता एक मुलगा, ताई. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

दुपार चढू लागली तसा निरोप आला की बॉडी गाडीत घातली, येऊनच राहिली. तुला भागीरथाबाई आठवतात? संक्रांतीला आल्या होत्या, उंच, आवाज खणखणीत. कॉलनीत कोणाकडेही काही झालं की पुढे त्याच. त्यांनी अंगणातला एक गोटा धुऊन आणला आणि पाटाशेजारी ठेवला. "मिट्टी घरी यायच्या आधी बांगड्या फोडून घेऊ. ये वं पोरी, हात दे." मी हात दिला. तेव्हा कोणी मान मागितली असती तर तीही दिली असती.

सासूबाई उठल्या. कुठून बळ आलं कोण जाणे, त्यांनी भागीरथाबाईंचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "तो गोटा बाहेर फेका."

"अन्नपूर्णाबाई, असं नाही चालत. फोडाच लागते."

"मी फोडून घेतल्या हायेत," सासूबाई म्हणाल्या आणि पदर सारून स्वतःचं मनगट पुढे केलं. तिथे पांढरा, वेडावाकडा व्रण आहे. मी इतकी वर्षं समजत होते तो विळीचा आहे. "अरुण पोटात होता माह्या. काच आत राहिली होती, महिनाभर पू आला. माहा पोरगा मेला हाये, तं माहा मेला हाये. माह्या घरची पद्धत मी पाहीन. वसू, ते लेकराचं तेल कुठी हाये?"

सासूबाईंनी माझा हात मांडीवर घेतला, मनगटावर तेल ओतलं, अंगठा तळहातात दुमडला आणि एकेक बांगडी हाताने दाबत, वळवत, सावकाश काढू लागल्या. संक्रांतीला कासाराने किती घट्ट भरल्या होत्या! एकही तडकली नाही. काढताना त्या मला म्हणत होत्या, "ढिला सोड हात. ढिला सोड, बाई." ज्या आवाजात त्या मला ताप आला की औषध घ्यायला सांगतात, त्याच आवाजात. हिरव्या बांगड्या ताटात ठेवल्या. शेवटची काढून झाली आणि मग त्यांचा बांध फुटला.

आणि फाटक वाजलं.

गाडी आली असं सगळ्यांना वाटलं. पुरुष उठून उभे राहिले. फाटकातून हे आत आले. पायी, हातात ती रेक्झिनची पिशवी, केस नीट विंचरलेले. अंगणात एवढी माणसं बघून विचारतात, "काय झालं? आई कुठी हाये?"

भागीरथाबाई मोठ्याने किंचाळल्या. शामसुंदरभाऊंचे हात आपोआप जोडले गेले. मी धावले ते सरळ त्यांच्या अंगावर. तेलकट हातांनी त्यांची पाठ घट्ट धरली, तोंड छातीत खुपसलं. मला त्या तेलाचाच वास येत होता आणि मला वाटलं, माझ्याच हातांचा. ताई, त्या घडीला मी जितकी सुखी होते तितकी मी जन्मात नव्हते. हे लिहून ठेवते, कारण ते खोटं नव्हतं.

पहिल्यांदा भानावर आले शामसुंदरभाऊ. "अरुण, स्कूटर कोनाले दिली होती?"

ह्यांनी ताटातल्या बांगड्या पाहिल्या, माझे हात पाहिले, आणि तोंडावरचा रंगच उडाला. "पुंडलिकले," म्हणाले. "माही नाइट तो करून राहिला होता. थंडी होती, म्हनून स्वेटर बी..." आणि खाली बसले.

इथे दोन कामगार आपसात पाळ्या बदलून घेतात. म्युच्युअल म्हणतात. आज माझी तू कर, उद्या तुझी मी. घरी कोणी सांगत नाही, सांगायचं काय त्यात? पुंडलिक प्लांटात ह्यांच्याच रोलिंग मिलमधला. रिसालीला राहणारा. स्वतःची सेकंड शिफ्ट करून त्याने ह्यांची नाइट केली होती, आणि परत जाताना बहुतेक डोळा लागला. गाडी आमच्या दाराशी आली आणि कोणीतरी ड्रायव्हरच्या कानात सांगितल्यावर तशीच रिसालीकडे वळली.

ह्या सगळ्यात हे होते कुठे, असं कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. माणूस मरून परत आल्यावर त्याला कोण विचारतं, कुठे होतास?

सासूबाईंनी बाटली पदराखाली घेतली. "चाल वसू. ताराचे हात राहिले." तारा म्हणजे पुंडलिकची बायको, माझ्याहून लहान, पदरात दोन मुली. भागीरथाबाई म्हणाल्या, "आधी हिच्या बांगड्या तं भरा! नशीब म्हना, फुटल्या नाहीत." सासूबाई म्हणाल्या, "तिच्या घरी किनकिन वाजवत जाऊ का?" म्हणून मी तशीच मोकळ्या हातांनी गेले.

आम्ही पोचलो तोवर ताराचा डावा हात होऊन गेला होता. काचा पाटाभोवती, मनगटातून रक्त. सासूबाईंनी बायकांना बाजूला सारलं, डावा हात ओल्या फडक्यात गुंडाळला आणि उजव्याच्या बांगड्या तेलाने काढल्या. तारा बघत होती, पण तिला काही कळत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. माझे हात तिला दिसले आणि तिने ते आपल्या हातात घेतले. मग मला म्हणते, "वहिनी, तुमचे बाबा आता बरे हायेत ना?"

मला वाटलं, भ्रमात बोलतेय.

"हे म्हनत होते, अरुणभाऊचे सासरे लय सीरियस हायेत, त्याले जावंच लागते, मी त्याची नाइट करून देतो. पावसाळ्यापासून बिचाऱ्यांचं वरखालीच चालू हाये म्हने. आता कसे हायेत?"

ताई, बाबांना जाऊन किती वर्षं झाली. आपण दोघींनी मिळून त्यांची धोतरं वाटली. आणि मी त्या घरात, तिच्या नवऱ्याचं प्रेत बाहेर असताना, म्हणाले, "बरे आहेत." दुसरं काय म्हणणार होते? सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.



संध्याकाळी हे स्मशानातून आले, आंघोळ केली, कपडे मोरीत टाकले. मी ते भिजवायला घेतले. शर्टाच्या पाठीवर माझ्या दोन्ही पंजांचे तेलकट डाग होते, बोटं मोजता येतील असे. आणि डाव्या खांद्यावर आणखी एक डाग. तिथे मी हात लावलाच नव्हता. लहान, गोल, तेलाचा, आणि त्याच्या कडेला काजळ फासलेलं. नाकाशी नेला. कमलिनीच्या बाळाला तुम्ही खांद्यावर निजवत असाल, भाऊजींचा शर्ट बघ म्हणजे कळेल मी काय पाहिलं ते.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, वास घेतला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन तो ह्यांच्यापुढे टाकला.

"लेकरू कोनाचं हाये?"

नाकारलं असतं तर बरं झालं असतं. नाकारलं नाही. "पोट्टी हाये, आई," म्हणाले. "आता बसाले लागली."

राजनांदगावला. ती बाई कोण, काय, तेही सांगू लागले, मी नको म्हटलं. नाव माझ्या कानात पडलं तर ते जन्मभर तिथे राहील. दुसरी बाटली कुठे जात होती ते तेवढ्यात कळलं. इतकी वर्षं मी नवस केले, दवाखाने केले, तुझ्या ओळखीच्या वैद्यांच्या पुड्या खाल्ल्या, आणि हा माणूस मला म्हणायचा, 'जाऊ दे वसू, आपन दोघंच बरे.' त्याला माझ्यावरचं प्रेम समजून मी कितीदा रडले असेन.

आणि एक गोष्ट लिहिते, ती फाडून टाक. 'बसाले लागली' म्हटल्याबरोबर सासूबाईंच्या तोंडावर काहीतरी आलं. एकच क्षण. नातीला पाहायची हाव, दुसरं काही नाही. लगेच त्यांनी तोंड फिरवलं, पण मी पाहिलं होतं, आणि त्यांनाही कळलं की मी पाहिलं. त्या रडत माझ्या पायांकडे वाकायला लागल्या. मी त्यांना धरलं. मी कोणाकोणाचा राग करू, सांग?

ह्यांना वेगळीच काळजी. "ताराले काही सांगजो नको. तिले वाटन, मीच मारलं त्याले." आणि मग, "तू बांगड्या घालून घे. मी समोर जिवंत बसलो हाये, अन् तू असे हात कावून ठेवून राहिली? लोक काय म्हनतीन?"

सासूबाई म्हणाल्या, "म्या उतरवल्या तं तू मेला म्हनून उतरवल्या. आता घालाच्या का नाही, ते तिचे हात हायेत." त्या दिवसापासून आम्ही दोघी आतल्या खोलीत निजतो. हे बाहेर. स्वयंपाक मी करते, वाढतात सासूबाई. ते पुंडलिकच्या घरी किराणा पोचवून येतात, फंडाचे कागद करायला ताराच्या भावासोबत ऑफिसात जातात. खांदे पडले आहेत. कधीकधी मला दयाही येते, आणि मग माझाच संताप येतो.

लोकांचं म्हणशील तर लोक मला देवी करून बसलेत. पुंडलिक माझ्या नवऱ्याच्या जागी गेला म्हणून मी ताराच्या दुःखात हात मोकळे ठेवलेत असं कॉलनीभर झालंय. भागीरथाबाई नळावर सांगतात, "असं मन पाहिजे." मी मान खाली घालून बादली भरते. नागपूरलाही हे तुझ्या कानावर येईलच, म्हणून म्हटलं खरं काय ते माझ्याकडूनच कळावं. तू लगेच गाडी पकडून येऊ नकोस. बाळंतीण सोडून यायचं नाही. मीच येईन, केव्हा ते आत्ता सांगत नाही. कदाचित बरेच दिवसांसाठी येईन. भाऊजींना विचारून ठेव.

पत्र इथे संपवणार होते, पण काल जे झालं ते राहिलं.

पुंडलिकची तेरवी होऊन गेली होती, पाहुणे गेले होते. मी एकटी रिसालीला गेले. बरेच दिवस पोटात ते 'बरे आहेत' सलत होतं. तिचा नवरा एका खोट्यापायी मेला आणि ती अजून माझ्या बाबांसाठी देवापुढे हात जोडते, हे मला सोसेना. तारा डाळ निवडत बसली होती. मी समोर बसून सांगितलं, "तारा, माझे बाबा केव्हाच वारले. तेव्हा कोणीच सीरियस नव्हतं." मग राजनांदगावचंही सांगितलं. मुलगी आहे तेही. तिने ताट भिरकावलं असतं, मला घराबाहेर काढलं असतं, तर मी मुकाट्याने गेले असते.

ती डाळीत बोटं फिरवत राहिली. डाव्या मनगटावर अजून खपली आहे. मग तिने विचारलं, "म्हंजे यांनी उगाचच नाइट केली?"

मी हो म्हटलं.

तिने माझ्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राग नव्हता गं तिच्या आवाजात. नुसतं म्हणाली, "तरी पन वहिनी, तुमचा तं आला ना वापस."

मी उठून आले. तिच्यापुढे कुठल्या तोंडाने सांगणार होते, की त्या सकाळी मी ज्याच्यासाठी ऊर बडवला, तो आलाच नाही म्हणून.

तुझी,
नुसती वसुंधरा